जर्मनटाउनचा अर्ज आणि त्यावरचे शेरे

हा कागद खालून वर वाचावा. म्हणजे आधी पायथ्याशी लिहिलेले शेरे आणि मग मूळ मजकूर. मजकूर गुलामगिरीविरुद्ध आहे, आणि अमेरिकेत क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी आज त्याचा अभिमान बाळगतात. पण अभिमान वाटावा असे चार माणसांनी लिहिले. त्याचे पुढे काय झाले, ते शेऱ्यांवरून कळते.

पहिला शेरा ३० एप्रिल १६८८ चा. पेनसिल्व्हेनियातील डब्लिन या वस्तीत रिचर्ड वॉरेल यांच्या घरी क्वेकरांची मासिक सभा भरली होती. सभेच्या वतीने जो. हार्ट यांनी नोंदवले आहे की आम्ही विषय पाहिला, त्याचा विचार केला, आणि तो इतका वजनदार आढळला की त्यात इथे हात घालणे आम्हाला इष्ट वाटत नाही. तो त्रैमासिक सभेकडे सोपवतो. मजकुराचा आशय सत्याशी निकटचा आहे, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. दुसरा शेरा ४ जूनचा, फिलाडेल्फियाच्या त्रैमासिक सभेचा, सही अँथनी मॉरिस यांची. अर्ज वाचला गेला, विषय या सभेने निकाल द्यावा त्यापेक्षा फार जड आहे, तेव्हा अर्जदार डेरिक आणि इतर दोघांनी तो वार्षिक सभेपुढे मांडावा, असा त्याचा आशय. (अर्जावर सह्या मात्र चार आहेत.) तिसरी नोंद अर्जावर नाही, ती वार्षिक सभेच्या इतिवृत्तात आहे. ५ सप्टेंबरला न्यू जर्सीतील बर्लिंग्टन येथे भरलेल्या सभेत काही जर्मन ‘मित्रांनी’ (म्हणजे क्वेकरांनी) कृष्णवर्णीयांची खरेदी करणे आणि त्यांना बाळगणे योग्य की अयोग्य यासंबंधी एक कागद सादर केला; या बाबीचा इतर अनेक प्रदेशांशी संबंध असल्याने सभेने ठाम मत देणे उचित नाही असे ठरले; म्हणून तूर्त विषय बाजूला ठेवण्यात येत आहे. चौघांपैकी एकाचेही नाव या नोंदीत आलेले नाही.

सरकारी कचेरीत एकदा तरी अर्ज दिलेल्या मराठी माणसाला ही भाषा शिकवावी लागत नाही. खालच्याने वरच्याकडे पाठवले, वरच्याने त्याच्याही वरच्याकडे, आणि सर्वांत वरच्याने दप्तरी दाखल केले. सगळे मिळून साडेचार महिने लागले.

तारखांबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण काही पुस्तकांत हा अर्ज १८ फेब्रुवारीचा म्हणून छापलेला असतो. क्वेकर लोक महिन्यांना रोमन देवतांची नावे देत नसत, आकडे देत. आणि त्या काळच्या इंग्रजी पंचांगात पहिला महिना मार्च धरला जाई. अर्जावरची ‘दुसऱ्या महिन्याची १८ तारीख’ म्हणून १८ एप्रिल होते. मासिक सभा त्याच महिन्याच्या ३० तारखेला झाली. फेब्रुवारीला ३० तारीख नसते, एवढ्यावरही हा प्रश्न मिटायला हरकत नव्हती.

आता मजकूर. अक्षर फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस यांचे आहे. हे जर्मनीतल्या फ्रँकोनियातले कायदेपंडित १६८३ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाला उतरले. त्यांच्यामागोमाग ऑक्टोबरात ‘कॉनकॉर्ड’ जहाजातून क्रेफेल्ड गावची तेरा कुटुंबे आली आणि या सर्वांनी मिळून जर्मनटाउन वसवले. क्रेफेल्डच्या या लोकांत तागाचे कापड विणणारे बरेच होते. डेरिक आणि अब्राहम ऑप डेन ग्रेफ हे भाऊ त्यांतलेच. चौथी सही गॅरेट हेंडेरिक्स यांची. इंग्रजी यांच्यापैकी कुणाचीच मातृभाषा नव्हती, आणि ते वाक्यावाक्यात दिसते. माझ्या मते त्याचा अर्जाला फायदाच झाला. सफाईदार इंग्रजी येणाऱ्याने ज्या गोष्टी आडवळणाने म्हटल्या असत्या, त्या इथे सरळ आल्या आहेत.

सुरुवात समुद्रप्रवासाच्या भीतीने होते. जहाजावरून येताना परके गलबत दिसले की आपल्यातल्या कितीजणांचे काळीज बसते, की तो तुर्क तर नाही, आपल्याला पकडून गुलाम म्हणून विकणार तर नाही! मग तुर्क जे करतात त्यापेक्षा इथे चालले आहे ते कोणत्या अर्थाने बरे? उलट स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी केले म्हणून ते अधिक वाईट. तुर्कांविषयीची ही गृहीते आज खटकतात. पण वाचणारा प्रत्येकजण त्याच अटलांटिकावरून आलेला होता, त्या भीतीची त्याला आठवण होती, आणि अर्जदारांना नेमकी तीच हवी होती.

पुढचा आधार मत्तयच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायाचा: इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसेच आपण त्यांच्याशी वागावे. हे वचन प्रत्येक ख्रिस्ती मुलाला पाठ असते. अर्जदारांनी त्याला एक पुरवणी जोडली: यात पिढी, कुळ किंवा रंग यांचा भेद नाही. ज्यांनी माणसे चोरली आणि ज्यांनी ती विकत घेतली, ते दोघेही सारखेच नव्हेत का, असे त्यांनी विचारले. नवरा-बायकोला वेगळे करून विकणारा त्यांना व्यभिचाराकडे ढकलतो, याकडे लक्ष वेधले. युरोपात सद्सद्विवेकासाठी छळ होतो, इथे काळ्या रंगासाठी होतो. इथे सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे, तर देहाचेही असायला नको का? क्रेफेल्डकडची ही मंडळी स्वतःच छळ टाळून आलेली होती. त्यांच्या लेखी तो पुस्तकी मुद्दा नव्हता.

सर्वांत धारदार प्रश्न मात्र शेवटाकडे येतो. समजा या गुलामांनी एकजूट केली, स्वातंत्र्यासाठी लढले, आणि मालकांनी त्यांना जसे वागवले तसेच त्यांनी मालक-मालकिणींना वागवले, तर हे मालक तलवार हाती घेणार का? क्वेकर पंथाने शस्त्र वर्ज्य मानलेले. गुलाम बाळगायचे म्हणजे आज ना उद्या तलवार आलीच, आणि तलवार आली की पंथ संपला. त्यावरही न थांबता ते विचारतात की तुम्हाला त्यांना गुलाम ठेवण्याचा जेवढा हक्क आहे, तेवढाच त्यांना स्वातंत्र्यासाठी लढण्याचा हक्क नाही का? १६८८ साली, शांततावाद्यांनी शांततावाद्यांना विचारलेला हा प्रश्न आहे. शेवटी एक मागणी होती. हे करणे चांगले असेल, तर ख्रिस्ती माणसाला तशी मुभा आहे हे आम्हाला दाखवून द्या, म्हणजे आमचे आणि मायदेशातल्या आमच्या सोयऱ्यांचे समाधान होईल. तिथे म्हणे इथले क्वेकर लोक माणसांना गुरांसारखे वागवतात अशी वदंता पसरली आहे.

मागणी उत्तराची होती, निकालाची नव्हती. दोन्ही शेऱ्यांत आणि इतिवृत्तात तेवढेच नाही.

असे का झाले, हे समजायला दुसरे कागद उघडावे लागतात. १६८४ च्या अखेरीस ‘इसाबेला’ हे जहाज सुमारे १५० आफ्रिकी बंदिवान घेऊन फिलाडेल्फियाला लागले. शहर वसून जेमतेम दोन वर्षे झालेली, जंगलतोड चालू, हात कमी; हे सगळे लोक लगेच विकले गेले. घेणाऱ्यांत क्वेकर होते. वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन यांनी १६८५ मध्ये इंग्लंडहून आपल्या कारभाऱ्याला पत्र लिहिले. मळ्यावरची माणसे काळी असलेली बरी, असे त्यात ते म्हणतात, कारण ती मग जन्मभर आपल्याकडे राहतात. गोरा करारबद्ध नोकर काही वर्षांनी मोकळा होतो, हा त्यामागचा हिशेब. पेनसिल्व्हेनियातल्या धार्मिक सहिष्णुतेचे जे गोडवे आपण वाचतो ते खोटे नाहीत. पण हे पत्रही त्याच माणसाचे आहे.

‘इतर अनेक प्रदेश’ या सबबीमागे बार्बाडोस होते. तिथल्या उसाच्या मळ्यांचे काही मालक क्वेकर होते. फिलाडेल्फियाचे पीठ, मांस, लाकूड तिकडे जाई. सॅम्युएल कार्पेंटरसारखे मातब्बर क्वेकर व्यापारी तिकडूनच आलेले. इतिहासकार जीन सोडरलंड यांनी त्या काळची मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या तपासल्या. वार्षिक सभेच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांपैकी बहुतेक स्वतः गुलामांचे मालक होते, असे त्यांतून दिसते. त्यात क्वेकर सभेची रीत अशी की तिथे मतदान होत नाही. सर्वांचा कल एका दिशेला दिसला की चिटणीस तो लिहून घेतो. या रीतीमुळे या चौघांचा अर्ज सर्वांत वरच्या सभेपर्यंत पोचू शकला, हे मान्य केले पाहिजे. त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या चर्चमध्ये तो दाराच्या आत तरी आला असता का, याची शंका आहे. पण मूठभर प्रतिष्ठितांची अस्वस्थताही त्याच रीतीने नकाराधिकार बनते, आणि नकार कुणी दिला हे कागदावर कधीच येत नाही.

पुढचा प्रवास मंद आहे. १६९६ मध्ये वार्षिक सभेने आणखी कृष्णवर्णीय आणण्यास उत्तेजन देऊ नये, एवढाच सल्ला दिला. विल्यम साउथबी यांनी १७१२ मध्ये वसाहतीच्या विधिमंडळाकडे सर्व गुलामांच्या मुक्तीची मागणी केली. ती न्याय्यही नाही आणि सोयीचीही नाही, असे उत्तर मिळाले. विधिमंडळात बहुमत क्वेकरांचे होते. बेंजामिन ले या ठेंगण्या, हट्टी माणसाने गुलाम बाळगणाऱ्यांना धर्मभ्रष्ट ठरवणारे पुस्तक लिहिले, ते बेंजामिन फ्रँकलिन यांनी छापले, आणि १७३८ मध्ये ले बर्लिंग्टनच्या सभेत गेले. पोकळ केलेल्या ग्रंथात लाल रसाची पिशवी लपवून, तलवार खुपसून त्यांनी तो रस जमलेल्यांवर उडवला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती ज्या चरित्रातून येते ते रॉबर्ट्स व्हॉक्स यांनी १८१५ साली, म्हणजे ७७ वर्षांनी, वृद्धांच्या आठवणींवरून लिहिले. प्रसंग घडला असेल. पण त्यातला प्रत्येक रंग इतिवृत्ताइतक्या भरवशाचा धरू नये. ले यांना पंथातून काढले गेले आणि ते पुस्तक आमचे नव्हे असे सभेने वर्तमानपत्रातून जाहीर केले, याला मात्र समकालीन कागदांचा आधार आहे.

जॉन वुलमन यांची गोष्ट याहून साधी आहे. तरुणपणी ते दुकानात कारकून होते. मालकाने एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहायला सांगितले. त्यांनी ते लिहिले, आणि लिहितानाच मालकाला व गिऱ्हाइकाला सांगितले की हे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे. आपल्या रोजनिशीत या खताबद्दल त्यांनी स्वतःला क्षमा केलेली नाही. १७५४ मध्ये त्यांचे गुलामगिरीविरुद्धचे पुस्तक वार्षिक सभेच्या संमतीने निघाले. १७५८ मध्ये माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना सभेच्या कामकाजातून वगळण्याचे ठरले, आणि मालकांच्या घरोघरी जाऊन समजावण्यासाठी नेमलेल्या समितीत वुलमन होते. गुलाम बाळगण्यावर संपूर्ण बंदी १७७६ साली आली. अर्ज आणि निकाल यांत ८८ वर्षे गेली. तोवर जुने मालक-पुढारी मरून गेले होते, नव्या पुढाऱ्यांकडे गुलाम कमी होते. वुलमन यांची कामगिरी त्यामुळे लहान होत नाही. पण मन वळले की मालमत्ता घटली, यातले आधी काय झाले हे मृत्युपत्रे वाचणाऱ्याने विचारलेच पाहिजे.

महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांत क्वेकरांच्या या नंतरच्या पिढ्याही येतात. अर्पणपत्रिका १८७३ ची, जर्मनटाउनचा कागद तिच्या १८५ वर्षे आधीचा.

तो कागद मधल्या काळात विस्मरणात गेला होता. १८४४ मध्ये नेथन काइट या क्वेकराला तो सापडला आणि पंथाच्या ‘द फ्रेंड’ या नियतकालिकात छापून आला. त्यानंतर तो पुन्हा हरवला, आणि २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या आर्च स्ट्रीट सभागृहातल्या तिजोरीत, घड्यांवर विरलेल्या अवस्थेत मिळाला. आता तो हॅव्हरफर्ड कॉलेजच्या संग्रहात आहे.

आर्च स्ट्रीट सभागृहाविषयीचा आणखी एक कागद आहे. सारा मॅप्स डग्लस ही कृष्णवर्णीय शिक्षिका लहानपणापासून आई ग्रेस यांच्याबरोबर तिथे उपासनेला जात असे. डिसेंबर १८३७ मध्ये विल्यम बॅसेट या क्वेकराला लिहिलेल्या पत्रात तिने सांगितले आहे की तिथे त्यांच्या लोकांसाठी वेगळा बाक होता, आणि कुणी गोरा चुकून त्यावर बसू लागला तर हा बाक काळ्यांसाठी आहे असे त्याला सांगितले जाई. हे ऐकून आपल्याला रडू येई, असे ती लिहिते. गुलामगिरी पंथाने टाकून तेव्हा ६१ वर्षे झाली होती. सात वर्षांनी ‘द फ्रेंड’मध्ये रंगाचा भेद न मानणारा १६८८ चा मजकूर मोठ्या समाधानाने छापला गेला, तेव्हा सारा डग्लस त्याच शहरात मुलींना शिकवत होती.