रेशमी जाळीची कुळकथा

पत्र्यात अक्षरे कोरून, तो गोणीवर टेकवून, वरून कुंचला फिरवण्याची रीत आपल्या बाजारपेठांत जुनीच आहे. आणि ज्याने कधी असा पत्रा कोरला असेल त्याला ‘ठ’ ह्या अक्षराची खोड चांगली ठाऊक असते. वर्तुळ कोरावे तो त्याच्या पोटातला तुकडा निराधार होऊन गळून पडतो, आणि गोणीवर भरीव टिकला उमटतो. म्हणून कारागीर मध्ये एकदोन पट्ट्या शाबूत राखतो, आणि त्या पट्ट्यांच्या जागा अक्षराच्या अंगावर व्रणासारख्या कायम राहतात. आज आपण जिला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतो त्या विद्येची कुळकथा, माझ्या मते, ह्या निराधार तुकड्याला आधार देण्याच्या खटपटीतूनच सुरू होते.

जपानात, आजच्या मिए प्रांतातील शिरोको गावी, ही खटपट पराकोटीस गेली. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदाचे थर कच्च्या पर्सिमन फळांच्या तुरट रसाने एकमेकांस चिकटवून व त्यांना धुरी देऊन तेथील लोक असा चिवट कागद सिद्ध करीत, की त्यावर केसाइतकी बारीक नक्षी कोरावी आणि त्याने पाण्यालाही दाद देऊ नये. हा कोरलेला कागद, म्हणजेच कातागामी, वस्त्रावर ठेवून त्यातून तांदळाच्या पिठाची खळ लावीत. मग वस्त्र रंगवले, की खळीखालचा भाग कोरा राही. एदो काळात किशू संस्थानाने ह्या धंद्यास आश्रय दिला, व्यापाऱ्यांना मुलुखभर फिरण्यासाठी दस्तके दिली, आणि त्या बळावर शिरोकोचे छाप दूरदूरच्या रंगाऱ्यांच्या हाती गेले. परंतु नक्षी जितकी नाजूक, तितके तिचे अवयव निराधार. तेव्हा कागदाचे दोन पापुद्रे अलग करून, त्यांच्यामध्ये रेशमाचे तंतू ताणून, ते पुन्हा रेषेवर रेषा बसवून चिकटवण्याची ‘इतो-इरे’ ही युक्ती निघाली. तंतू इतका सूक्ष्म असे, की खळ त्याला वळसा घालून खाली उतरे. ह्याच कौशल्याबद्दल 1955 साली जपान सरकारने जोनोगुची मिए ह्या कारागीर स्त्रीचा राष्ट्रीय पातळीवर गौरव केला.

मोजक्या तंतूंऐवजी सबंध वस्त्रच आधारास घ्यावे, ही पुढची पायरी युरोप-अमेरिकेत गाठली गेली. गिरणीत पीठ चाळण्यासाठी विणलेले, समान छिद्रांचे रेशमी कापड तेथे तयारच होते. 1907 साली मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन ह्यांनी चौकटीवर ताणलेल्या रेशमातून छापण्याचे पेटंट घेतले. ते मात्र रंग ताठ केसांच्या कुंचल्याने रेटीत, रबरी पट्टीचा स्क्विजी मागाहून रुळला. सॅनफ्रान्सिस्कोच्या जॉन पिल्सवर्थ ह्यांनी 1918 साली एकाच जाळीतून अनेक रंग काढण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले: आधी सर्वांत मोठे क्षेत्र छापावे, मग जाळीचा काही भाग बुजवून दुसरा रंग, आणखी बुजवून तिसरा. हिशेब चुकला तर परतीची वाट नाही, अशी ही किफायत होती.

कोरण्याचे काम सूर्यप्रकाशावर सोपवण्याची विद्या ह्याहून जुनी. 1839 साली स्कॉटलंडच्या मंगो पाँटन ह्यांनी पोटॅशियम डायक्रोमेट लावलेला कागद प्रकाशात पालटतो हे दाखवले. पुढे डायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन प्रकाशाने कठीण होते व पाण्याला दाद देत नाही, हे ध्यानी आले. शिकाऊ उमेदवार आजही त्याच तत्त्वावर काम करतो. प्रथम जाळी धुऊन तिचा तेलकटपणा घालवायचा (ह्या कंटाळवाण्या कामात जो आळस करतो त्याचे इमल्शन, म्हणजे प्रकाशाने कठीण होणारा लेप, पुढे हटकून सोलवटते), मग मंद पिवळ्या उजेडात इमल्शनचा पातळ, सारखा थर द्यायचा, तो वाळला की काळ्या आकृतीची फिल्म लावून प्रकाश दाखवायचा, आणि शेवटी पाण्याचा फवारा मारायचा. काळ्याखालचा भाग मऊ राहिलेला असतो, तेवढाच वाहून जातो. छापताना जाळी व कागद ह्यांत किंचित अंतर राखावे, म्हणजे स्क्विजीच्या धारेखाली तेवढीच जाळी टेकते, लगेच सुटते आणि अक्षराची कड स्वच्छ येते.

महामंदीच्या काळात अमेरिकन सरकारने कलावंतांसाठी काढलेल्या योजनेत अँथनी व्हेलोनिस ह्यांनी ही पद्धत न्यूयॉर्कच्या चित्रकारांना शिकवली, आणि दुकानांच्या जाहिराती छापणाऱ्या ह्या विद्येस ‘सेरिग्राफ’ असे भारदस्त नाव देऊन कलादालनाचा परवाना मिळवून देण्यात आला. 1962 साली अँडी वॉरहॉल ह्यांनी मेरिलिन मन्रोचे मुख जाळीतून पुन:पुन्हा छापले, तेव्हा त्यांनी कारखान्यात रद्द ठरले असते असे डाग मुद्दाम राहू दिले.

आपल्याकडे मात्र ही विद्या नांदली ती लग्नपत्रिकांत व कापडी पिशव्यांवर, आणि त्याचे कारण भांडवलाइतकेच शाईतही आहे. जाळीतून उतरणारा थर जाड असतो, म्हणून गडद लाल कागदावरही सोनेरी गणपती खुलून दिसतो. सौर पटलातील सिलिकॉनवर ज्या चंदेरी रेघा दिसतात, त्याही बहुतांशी अशाच, चांदीचा लेप जाळीतून रेटून ओढलेल्या असतात. तेथे रेशमाची जागा पोलादी तारेने घेतली आहे.