घर मेहकरात, नाव कोणत्या यादीत?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बुलढाणा मतदारसंघाचे मतदान २६ एप्रिलला झाले. याच जिल्ह्यातल्या मलकापूरकरांची पाळी १३ मे रोजी आली, कारण मलकापूर रावेर लोकसभेला जोडलेले आहे. पुण्याचे मतदानही १३ मेचेच. म्हणजे पुण्यात शिकणाऱ्या, बुलढाणा मतदारसंघातल्या मेहकरच्या मुलाचे नाव गावच्या यादीत असेल, तर त्याने ऐन परीक्षांच्या हंगामात रात्रीची गाडी धरायची. पुण्याच्या यादीत असेल, तर सकाळी चालत केंद्रावर जायचे.

ही अडचण प्रजासत्ताकाएवढी जुनी नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर होती आणि लोकसभेसाठी बुलढाणा-अकोला असा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. मतदानाचे वय २१. बी.ए.च्या वर्गात बसलेल्या बहुतेकांना मतच नव्हते, तेव्हा ते कुठे द्यायचे हा प्रश्न कोण विचारणार?

कायद्यानेही तो विचारला नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे विसावे कलम ‘सर्वसाधारण रहिवासी’ कोण ते सांगते. नुसते घर मालकीचे असले म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, आणि काही काळ बाहेर गेला म्हणून त्याचे रहिवासीपण सुटतही नाही. सैनिकांची, मनोरुग्णालयातल्या रुग्णांची, तुरुंगातल्या कैद्यांची त्यात सोय किंवा गैरसोय लिहिलेली आहे. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याचा मात्र उल्लेख नाही.

मग १९८० चे दशक आले. तोवर वऱ्हाडातली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती; १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी शेगावला संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि बाहेरची मुले बुलढाणा जिल्ह्यात राहायला येऊ लागली. मार्च १९८९ मध्ये ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ वर आणले. आता पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही मतदार झाला, आणि कलमातली ती रिकामी जागा उघडी पडली.

ती भरली निवडणूक आयोगाच्या सूचनांनी. वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याने आईवडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवावे किंवा शिक्षणाच्या गावी नोंदवावे, निवड त्याची. अट एवढीच, की अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि प्राचार्य, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांचे बोनाफाईड जोडायला हवे. पहिल्यांदाच नाव नोंदवायचे असेल तर नमुना ६. गावच्या यादीतून हलवायचे असेल तर नमुना ८. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिले तर एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकते.

ब्रिटनमध्ये विद्यार्थी घरी आणि विद्यापीठाच्या गावी अशा दोन्ही ठिकाणी नाव ठेवू शकतो. संसदेच्या निवडणुकीत मत मात्र एकच. अमेरिकेत टेक्सासच्या वॉलर काउंटीतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या गावी नाव नोंदवण्याचा हक्क मिळवायला कोर्टात जावे लागले. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूचा निकाल कायम केला. आपल्याकडे तो एका परिपत्रकाने, भांडणाशिवाय मिळाला. कदाचित म्हणूनच तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

आणि ठाऊक असला तरी पोरगा नाव हलवीलच असे नाही. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते. पुण्यात नाव नोंदवले, की गावातले मत गेले. खासदारकीत एका मताचे वजन कळत नाही, पण वॉर्डात चार-दोन मतांवर निकाल फिरतो, बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकावी लागते. बाहेरगावच्या पोरांना आणायला पॅनलच्या गाड्या निघतात, हे वऱ्हाडात कुणाला नवे नाही. घरातला मोठा माणूस ‘नाव राहू दे इथंच’ म्हणतो, त्यात अडाणीपणा नसून हिशेब असतो. विधानसभेलाही तो खोटा नाही: नोव्हेंबर २०२४ मध्ये बुलढाण्याची जागा अवघ्या ८४१ मतांनी ठरली.

बाहेर राहणे आणि गावचे मत, दोन्ही साधावे म्हणून आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ, म्हणजे पुण्यात बसून मेहकरला मत. विरोधी पक्षांनी हरकत घेतली आणि यंत्र तिथेच अडले.

तोवर हातात आहे ती विद्यार्थ्याची स्वतःची निवड, आणि ती करायला महाविद्यालयांनी मदत केली पाहिजे. २०२२ पासून १८ वर्षे मोजण्याच्या तारखा वर्षाला चार झाल्या आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो. प्रवेशाच्या खिडकीवर फी घेताना बोनाफाईड आणि नमुना ६ एकत्र हाती द्यायला प्राचार्यांना कुणाच्या परवानगीची गरज नाही.