छोट्या लाईनने येणारं इन्सुलिन

मंडळी, आपल्या बालाघाटच्या मराठी घरांतल्या गणपतीच्या, लग्नकार्यांच्या आठवणी इथे पुष्कळ येतात. आज आजारपणाची एक लिहिते. आमच्या आत्याला 1968 साली, बाराव्या वर्षी मधुमेह झाला. हल्ली ज्याला टाईप वन म्हणतात, तो.

हा आजार गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारते. 1921 मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन सापडलं. जानेवारी 1922 मध्ये लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी अशी मुलं अर्धपोटी ठेवत, तरी ती फार दिवस जगत नसत.

आमच्याकडे हे औषध नागपूरहून यायचं. आजोबा थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणायचे, गोंदियाला गाडी बदलून छोट्या लाईनने. घरात फ्रीज कुठला? ओल्या रेतीत मातीचं गाडगं ठेवून त्यात बाटली जपायची. मे महिन्यात तर वरचं फडकं दिवसातून चारदा भिजवावं लागे. फ्रीज नसलेल्या घरांत ही युक्ती आजही वापरतात.

सकाळी स्टोव्हवर काचेची सिरिंज नि सुई उकळायची. मग बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं-पिवळं झालं तर साखर आहे, विटकरी झालं तर फारच. पण त्यातून साखर उतरल्याचं कळत नसे. ते आजीला आत्याच्या अंगावरच्या घामावरून कळायचं. लगेच साखरेचं पाणी!

तेव्हा इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. हे कळल्यावर आजी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सुई तिनेच उकळायला ठेवली.

नातेवाईक मात्र सांगत, "कुठं बोलू नका, पोरीचं लग्न व्हायचंय." त्यामुळे लग्नघरी, प्रवासात आत्या लपून इंजेक्शन घेई, कधी चुकवीही. एकदा अशीच बेशुद्ध पडली. तेव्हापासून आजोबा प्रत्येक स्थळाला पहिल्याच पत्रात आजार कळवू लागले. बहुतेकांची उत्तरंच आली नाहीत. एकाचं आलं, ते आमचे आतोबा.

मुलींच्या वाट्याला येणारी ही लपवाछपवी अजून संपलेली नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी ड्रीम ट्रस्ट काढला तो गरीब घरच्या अशा मुलांना इन्सुलिन मिळावं म्हणून, आणि त्यात मुलींकडे विशेष लक्ष दिलं.

आता बोटाच्या एका थेंबावर साखर कळते, दंडाला सेन्सरही लावतात. रोजचा हिशेब तोच आहे: काय खाल्लं, किती चाललो, किती युनिट घ्यायचं. आत्या हा हिशेब 43 वर्षं करत होती. 2011 मध्ये गेली.

तुमच्या घरात असं लेकरू असेल तर शाळेत, मित्रमैत्रिणींना, पुढे सासरीही सांगून ठेवा. साखर उतरली की पाणी हातात द्यायला कोणाला तरी माहीत असायला हवं ना!