आडवाटेवर बंद पडलेली मोटारसायकल आणि एकटा प्रवासी

प्रतिनिधी

मनालीहून लेहकडे जाताना पांगच्या पुढचा चढ संपला, की मोरे मैदान लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,७०० मीटर उंचीवरचे, जवळपास चाळीस किलोमीटर लांबीचे हे पठार. झाड नाही, आडोसा नाही. दुपारनंतर वारा सुटतो आणि सूर्य मावळताच पारा झपाट्याने उतरतो. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत प्रतिनिधीच्या मोटारसायकलचे मागचे चाक याच मैदानात पंक्चर झाले. हवेचा पंप, पट्ट्या, सोल्यूशन, टायर लिव्हर, सारे काही सोबत होते. अडले ते चाकाच्या नटापाशी. निघण्यापूर्वी एका गॅरेजमध्ये गाडीचे सर्व्हिसिंग झाले होते आणि तो नट हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने आवळला गेला होता. वीतभर लांबीच्या पान्ह्याला तो दाद देईना. अखेर रस्त्याच्या कामावर टाकून दिलेला लोखंडी पाइपचा तुकडा सापडला. तो पान्ह्याच्या दांड्यावर सरकवून त्यावर पाय दिला, तेव्हा कुठे नट सुटला. पंक्चर काढायला अर्धा तास लागला. नट सुटेपर्यंत दीड तास गेला होता.

मुंबई-पुण्याहून दर उन्हाळ्यात शेकडो तरुण मोटारसायकलवरून लडाख-स्पितीकडे निघतात. त्यांतले काही एकटेच असतात. अशा प्रवासात गाडी बिघडली तर काय करायचे, याची उत्तरे बहुधा 'सोबत काय न्यावे' या यादीवर थांबतात. प्रत्यक्षात माणूस अडतो तो अवजार नाही म्हणून क्वचितच. ते काम त्याने आधी कधी केलेले नसते म्हणून अधिक वेळा.

जगप्रवासी टेड सायमन यांनी १९७३ ते १९७७ या काळात ५०० सीसीच्या ट्रायम्फ मोटारसायकलवरून जगप्रदक्षिणा केली. निघताना ते पत्रकार होते, मेकॅनिक नव्हते. दुसरे टोक एमिल लेरे या फ्रेंच गृहस्थांचे. १९९३ मध्ये मोरोक्कोच्या वाळवंटात त्यांची सिट्रोएन टूसीव्ही मोटार मोडली. त्यांच्याच कथनानुसार, मोजक्या हातअवजारांच्या साह्याने बारा दिवस खपून त्यांनी तिच्या सुट्या भागांतून एक ओबडधोबड दुचाकी उभी केली आणि ते बाहेर पडले. या कथेवर शंका घेणारेही आहेत. सामान्य प्रवाशाला मात्र असा पराक्रम करावा लागत नाही. रस्त्यावरचे बहुसंख्य बिघाड पाच-सहा प्रकारांत मोडतात आणि गाडी पुढच्या गावापर्यंत नेण्यापुरते त्यांचे निवारण शिकता येते.

आधी तपासणी

गाडी बंद पडताच पान्हा हाती घेऊ नये. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घ्यावी, पाणी प्यावे आणि मग सोप्या गोष्टी क्रमाने पाहाव्यात. हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण चुकून दाबले गेले आहे का? टाकीत पेट्रोल आहे का? कॉक उघडा आहे का? साइड स्टँड पूर्ण वर आहे का? अनेक गाड्यांत स्टँडला स्विच असतो. त्यात चिखल बसला, की गिअर टाकताच इंजिन बंद पडते. मोठा बिघाड समजून सीट आणि टाकी उतरवल्यावर कारण बटणाचे निघाले, असे अनुभव दुर्मीळ नाहीत.

उंचीवर हा सबुरीचा नियम अधिक महत्त्वाचा ठरतो. विरळ हवेत माणसाचा निर्णय मंदावतो, बोटे थंडीने आखडतात आणि छोटे नट हातातून निसटतात. जमिनीवर जाकीट किंवा चादर अंथरून काढलेला प्रत्येक भाग क्रमाने त्यावर मांडावा. जोडताना उलट्या क्रमाने उचलावा. मोबाइलने आधी छायाचित्र काढून ठेवणे तर फारच उपयोगी.

पंक्चर

टायर ट्यूबलेस असल्यास काम सोपे असते. खिळा उपसून भोक घासायचे, चिकट दोरी त्यात खुपसायची आणि हवा भरायची. आरे असलेल्या चाकांत मात्र बहुधा ट्यूब असते आणि चाक उतरवावे लागते. मधला स्टँड नसेल, तर गाडी साइड स्टँडवर कलती करून दुसऱ्या बाजूने चौकटीखाली सपाट दगड रचावेत. टायरची कड रिमपासून सुटत नसेल, तर बुटाची टाच आणि शरीराचे वजन वापरावे. कड निघताना आणि बसताना तिची समोरची बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवणे हीच खरी युक्ती. ती साधली, की ताकद लागत नाही. ती चुकली, की लिव्हरच्या टोकाने नव्या ट्यूबलाही भोक पडते. साबणाचे पाणी कामी येते.

पट्टी लावण्यापूर्वी ट्यूब घासून सोल्यूशन पूर्ण सुकू द्यावे. थंडीत ते सुकायला वेळ लागतो आणि घाईत लावलेली पट्टी काही किलोमीटरांतच सुटते. टायरच्या आतून बोटे सावकाश फिरवून खिळ्याचे टोक राहिले नाही ना, हेही पाहावे. ट्यूब कामातून गेली आणि दुसरी नसली, तर टायरमध्ये गवत किंवा कपडे गच्च कोंबून सायकलच्या वेगाने काही अंतर जाता येते. यात टायर खराब होतो. पण रात्र उघड्यावर काढण्यापेक्षा ते बरे.

केबल आणि चेन

क्लचची केबल बहुधा लिव्हरपाशी, शिशाच्या मणीएवढ्या गाठीजवळ तुटते. अनुभवी प्रवासी नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओवून ठेवतात. तशी नसेल, तर घरगुती वायरिंगमधला स्क्रूचा पितळी कनेक्टर तुटलेल्या टोकावर घट्ट आवळला, की गाठीचे काम होते. केबल पूर्णच गेली तरी गाडी थांबत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून उतारावर किंवा पायाने ढकलत वेग घ्यावा आणि पहिला गिअर टाकावा. पुढचे गिअर बदलताना अॅक्सिलरेटर क्षणभर सोडून लिव्हरला हलका दाब दिला, की गिअर पडतो. थांबण्यापूर्वी न्यूट्रल साधावे. चढाच्या मध्ये मात्र थांबू नये.

अॅक्सिलरेटरची केबल तुटल्यास कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडलिंगचा स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवता येतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये संथपणे मुक्काम गाठण्यास तेवढे पुरते.

चेन तुटल्यास सुटी कडी आणि चेन तोडण्याचे छोटे हत्यार हवेच. त्याला खरा पर्याय नाही. चेन तारेने बांधण्याचा मोह टाळावा. ती तार सुटून स्प्रॉकेटमध्ये अडकली, तर मागचे चाक जागीच जाम होऊ शकते. चेन लॉकची क्लिप बसवताना तिचे बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेने असावे. एक खराब कडी काढून चेन आखूड झाली, तर मागचे चाक पुढे सरकवून जुळवून घेता येते.

गळती

दगड आदळून इंजिनच्या कवचाला तडा जाणे हा डोंगरी रस्त्यांवरचा नेहमीचा अपघात. गळती दिसताच इंजिन लगेच बंद करावे, कारण ऑइलशिवाय काही मिनिटांत इंजिन कायमचे जाते. गाडी तडा वर येईल अशी कलती करावी आणि गळणारे ऑइल स्वच्छ भांड्यात धरावे. तड्याभोवतीचा भाग पेट्रोलने पुसून, घासून कोरडा करावा आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एम-सील लावावे. त्याचे दोन्ही भाग एकजीव रंग येईपर्यंत मळणे आवश्यक आहे. थंडीत ते घट्ट होण्यास तास-दोन तास जातात, ते द्यावेत.

पेट्रोलच्या टाकीला बारीक चीर गेली असल्यास अंगाचा साधा साबण त्यावर जोर देऊन घासावा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे चीर बुजते. पाण्याने मात्र तो निघून जातो. हे काम करताना इंजिन थंड असावे आणि जवळपास विडी-स्टोव्ह नसावा, हे सांगण्याची गरज नसावी.

वीज

फ्यूज उडाल्यावर सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी कागदाची घडी बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोकादायक आहे. फ्यूज उडाला याचा अर्थ कुठेतरी वायर घासून उघडी पडली आहे. ती हँडलच्या वळणापाशी किंवा सीटखाली शोधून चिकटपट्टीने गुंडाळावी आणि मगच नवा फ्यूज लावावा. सुटा फ्यूज नसल्यास तेवढ्याच अँपिअरचा, कमी गरजेच्या कामाचा फ्यूज काढून वापरावा.

बॅटरी उतरली, की दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देऊन गाडी सुरू करण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. मात्र १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा जवळपास पूर्णपणे फ्यूएल इंजेक्शनने घेतली. या गाड्यांचा पेट्रोल पंप विजेवर चालतो. बॅटरीत थोडी धुगधुगी असेल तरच धक्क्याचा उपयोग. ती पूर्ण मृत असेल, तर नाही. मोबाइल चार्ज करण्याच्या नादात बॅटरी उतरवू नये.

उंची आणि पाणी

याच रस्त्यावरील तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच, असे होऊन प्लग काळा पडतो आणि इंजिन गुदमरते. हा बिघाड नव्हे. एअर फिल्टर साफ करावा, प्लग पुसावा आणि खालच्या गिअरमध्ये चढावे. इंजेक्शनची गाडी मिश्रण स्वतः जुळवते, पण ताकद तिचीही घटते.

ओढे दुपारनंतर बर्फ वितळून फुगतात, म्हणून ते सकाळी ओलांडावेत. पाण्यात इंजिन बंद पडले, तर तेथेच स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर ओढावी, प्लग काढावा आणि इंजिन काही वेळा फिरवून पाणी बाहेर फेकू द्यावे. एअर फिल्टर कोरडा केल्यावरच प्लग बसवावा.

जुगाडाची सीमा

क्लच, चेन, पेट्रोल, वीज यांच्या बिघाडात जुगाड फसला, तर गाडी थांबते. ब्रेक, हँडल, पुढचे चाक किंवा त्याचा आस यांत तो फसला, तर माणूस पडतो. हा फरक डोळ्यांपुढे ठेवल्यास बहुतेक निर्णय सोपे होतात. पुढचा ब्रेक निकामी होऊन वाटेत उतार असेल, तर तारेने बांधाबांध करून निघणे हे धाडस नव्हे. गाडी तेथेच सोडावी आणि माणसाने पुढे जावे.

येथे आणखी एक पर्याय विसरला जातो, तो म्हणजे ट्रक. मनाली-लेह रस्ता वर्षातून काही महिनेच खुला असतो आणि त्या काळात मालवाहू ट्रक, लष्कराच्या गाड्या आणि सीमा सडक संघटनेच्या तुकड्या त्यावरून ये-जा करतात. चालकांकडे दोरखंड असतात, अवजारे असतात आणि अडलेल्याला सोडून न जाण्याची रीतही आहे. मोटारसायकल रिकाम्या ट्रकवर चढवून पुढच्या मुक्कामी नेणे यात कमीपणा नाही. सर्चू, पांग येथील हंगामी तंबूंत निघताना 'आज अमुक ठिकाणी पोहोचणार' एवढे सांगून ठेवावे. लांबच लांब टापूंत मोबाइलला संपर्क नसतो आणि उपग्रह फोन परवानगीविना बाळगणे भारतात गुन्हा आहे. दिवस मावळायला दोन तास उरले असतील, तर नवी खोल दुरुस्ती सुरू करू नये. उघडलेले इंजिन आणि अंधार यांची गाठ पडू देऊ नये.

सोबत काय असावे

गाडीला लागणारे पान्हे (सर्वच नव्हे, आपल्याच गाडीचे), चाकाच्या नटाचा पान्हा आणि त्यावर बसणारा फूटभर पाइप, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर. दोन टायर लिव्हर, पंप, पुढची-मागची एकेक ट्यूब, पट्ट्या आणि सोल्यूशन. क्लच व अॅक्सिलरेटरची केबल, चेन लॉक, प्लग, फ्यूज. बांधणीची तार, प्लॅस्टिकच्या केबल टाय, चिकटपट्टी, एम-सील, पितळी कनेक्टर, साबणाची वडी, डोक्याला बांधायची बॅटरी. अर्धा लिटर ऑइल. क्लच आणि ब्रेकची एकेक लिव्हर, कारण गाडी नुसती आडवी झाली तरी त्या मोडतात.

ही सारी सामग्री दोन किलोमीटर अंतरावरच्या दुकानातून एका दुपारी गोळा करता येते. त्यापुढचे काम मात्र दुकानात मिळत नाही. निघण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी सोसायटीच्या वाहनतळावर, सोबत नेणार तीच अवजारे घेऊन बसावे. मागचे चाक काढून पुन्हा बसवावे, ट्यूब बाहेर काढून परत घालावी, केबल बदलावी, प्लग उघडावा. हात काळे होतील, शेजारी चौकशी करतील आणि एखादा नट सुटणार नाही. तो मोरे मैदानावर न सुटण्यापेक्षा तेथेच न सुटलेला बरा.