दस्तऐवजातला ऐवज

लिनक्स किंवा फ्रीबीएसडीसारख्या मुक्त स्रोत प्रणालींची माहिती मराठीत लिहायला बसले, की 'दस्तऐवजीकरण' हा शब्द टाळता येत नाही. बोजड म्हणून अनेकजण त्याला नाके मुरडतात. मला मात्र तो फार आवडतो. शेवटचे 'करण' संस्कृत, सुरुवातीचा 'दस्त' फारसी, आणि मधला 'ऐवज' कोठून आला हे शोधण्यातच खरी गंमत आहे.

'दस्त' म्हणजे हात. संस्कृत 'हस्त' आणि अवेस्तातील 'झस्त' ही त्याची सख्खी भावंडे. दस्तक, दस्तखत, दस्तूरखुद्द हा सगळा गोतावळा त्याच हाताचा. फारसीतला मूळ शब्द 'दस्तावेज़'. त्यातला 'आवेज़' हा 'आवेख़्तन', म्हणजे टांगणे, लटकणे, या धातूचा. उर्दूत कानातल्या लोलकाला 'आवेज़ा' म्हणतात तो यातूनच. तेव्हा दस्तावेज़ म्हणजे हाताने ज्याला धरून राहावे असा आधार. पुढे हक्क सांगताना ज्याचा आधार घ्यायचा तो कागद, असा अर्थ रुळला असावा. फारसीत मात्र त्याच शब्दाला 'सबब, निमित्त' अशीही छटा आली. धरायला काहीतरी हवे, मग ते खरे असो वा नसो! ही छटा ध्यानात ठेवावी, पुढे उपयोगी पडेल.

आता हिंदीत 'दस्तावेज़' राहिले आणि मराठीत 'दस्तऐवज' झाले, ते का? मराठीच्या पदरी 'ऐवज' आधीच होता असे दिसते. तो अरबी 'इवज़'चा, म्हणजे मोबदला, बदल्यात येणारी वस्तू. आपल्याकडे त्याचा अर्थ धन, मौल्यवान चीज असा झाला; चोरीस जातो तो ऐवजच. आणि 'याच्याऐवजी ते' म्हणताना आपण बदलीचा मूळ अर्थही जपून आहोत. अनोळखी 'आवेज़' कानावर पडला तेव्हा मराठी माणसाने त्यात ओळखीचा 'ऐवज' ऐकला असावा. शास्त्रदृष्ट्या ही सरमिसळ. पण किती नेमकी! प्रणाली लिहिणारा माणूस आपल्याजवळ बसून समजावू शकत नाही, त्याच्याऐवजी हा कागद बोलतो.

राज्यव्यवहारकोशाने शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी दस्तऐवजासारखे कारकुनी शब्द हटले नाहीत. त्यातले 'दफ्तर' तर थेट ग्रीक 'दिफ्थेरा', म्हणजे कातडे, इथपर्यंत पोचते.

'मुक्त स्रोत प्रणाली' हे त्रिकूटही पाहण्याजोगे आहे. 'स्रोत' हा 'स्रु' म्हणजे वाहणे या धातूचा. इंग्रजी 'स्ट्रीम' त्याचा दूरचा नातलग. (पुष्कळजण 'स्त्रोत' लिहितात. 'स्तोत्र' आणि 'स्त्री' यांच्या सावलीने तो 'त' शिरला असावा. त्याला मुळात आधार नाही.) 'प्रणाली' म्हणजे तळ्यातून पाणी काढून नेणारा पाट. गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणारा तो 'प्रणाल', आणि आपल्या छपराची 'पन्हळ' याच कुळातली दिसते. पन्हाळगडालाही शिलाहारांच्या काळी 'प्रणालक' म्हणत, आणि जयराम पिंड्यांच्या संस्कृत काव्यात तो 'पर्णालपर्वत' होतो. म्हणजे स्रोतही पाण्याचा, प्रणालीही पाण्याची! 'मुक्त'ची जोडी इंग्रजी 'फ्री'शी लावली जाते. तो 'फ्री' आपल्या 'प्रिय'चा भाऊ. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली 'ग्नू' या मुक्त प्रणालीची घोषणा केली तेव्हापासून त्यांना 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे, हे सांगत राहावे लागले. मराठीत मुक्त वेगळे आणि मोफत वेगळे, हे आपले भाग्य. 'ओपन सोर्स' हा शब्द तर 1998 चा. क्रिस्टीन पीटरसन यांनी तो सुचवला, तो या घोटाळ्यातून वाट काढण्यासाठीच.

अशा प्रणालीविषयी निःपक्षपाती लिहावे म्हणतात. 'पक्ष' म्हणजे पंख, बाजू. 'पक्षपात' म्हणजे एका बाजूला कलणे, पडणे. लिनक्सवेडे लेखन बीएसडीला दोन ओळींत उरकते, आणि उलटही घडते. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिहिले ते कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा; त्याभोवतीची कितीतरी साधने ग्नूची होती. डेबियन हे लिनक्स वितरण स्वतःला 'ग्नू/लिनक्स' म्हणवते, ते हे श्रेय नोंदवण्यासाठी. संपूर्ण प्रणालीला नुसते 'लिनक्स' म्हणणे सोयीचे आहे, पण निदान एकदा तरी नावाचा हा वाद वाचकाला सांगायला हवा.

निःपक्षपाताची याहून कडक कसोटी, लिनक्स-बीएसडी ज्याच्या परंपरेतल्या त्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेत सापडते. ती 3 नोव्हेंबर 1971 ची, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची. युनिक्स तेव्हा मुक्त नव्हते, पण त्या पुस्तिकेत आज्ञेचे नाव, वापर आणि वर्णन यांच्याबरोबर 'बग्ज' असा वेगळा मथळा होता. आपल्याच कृतीचे दोष आपणच त्याखाली लिहायचे. हा रिवाज बीएसडी आणि लिनक्सच्या 'मॅन' (मॅन्युअल) पानांत आजही आहे. ओपनबीएसडीच्या मंडळींत तर मॅन पानातली चूक ही प्रणालीतलीच चूक मानतात. डेबियनने 1997 च्या आपल्या सामाजिक करारात अडचणी लपवणार नाही असे वचन दिले, आणि दोषांची नोंद सर्वांसाठी उघडी ठेवली.

जिथे नुसते गुण लिहिले जातात तो कागद फारसीतल्या दुसऱ्या अर्थाने दस्तावेज़, निव्वळ सबब. दोषांसकट लिहिला तर तो धरून राहण्याजोगा, आणि आपल्या अर्थाने ऐवजही.

डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो. मॅन पाने मराठीत आणण्याचे काम मात्र पुष्कळ बाकी आहे. ते हाती घेणाऱ्यांना एकच विनंती: 'वर्णन' कितीही सुबक उतरो, 'दोष' हा मथळा गाळू नका.