बोरघाटातल्या कमानी आणि आपली वाट

दिंडीच्या वाटेचा इतिहास कुणीतरी लिहावा असं मंडळींनी ठरवलं आणि ते काम माझ्याकडं आलं. माझी शाळा चौथीपर्यंत. बोलतो तसं लिहितो, माउलींनी सांभाळून घ्यावं.

कार्तिकीला आळंदीला जाताना खोपोली सोडली की बोरघाट लागतो. वर खंडाळ्याच्या अंगाला रेल्वे जवळ येते. हे रेल्वेचं काम १८५६ साली सुरू झालं, १८६३ साली गाडी घाट चढली. साधारण १५ मैलांत २५ बोगदे, आणि दऱ्यांवर कमानींचे पूल. चढ ३७ फुटांना एक फूट. आमच्या शेताचा बांध पावसात फुटला तर रचायला चार दिवस जातात. तिथं कड्यावर दोर बांधून, लोंबकळत माणसांनी सुरुंगाची भोकं पाडली. एका वेळेला ४० हजारांवर माणसं कामाला होती. पटकीनं किती गेली! १८५९ साली मजुरी थकली तेव्हा मजूर खवळले, मोठा दंगा झाला. त्याच साली ट्रेडवेल नावाचा नवा ठेकेदार आला नि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याच्या बायकोनं, ॲलिसबाईनं, ठेका पुढं चालवला. बाईचं नाव पुस्तकात राहिलं. पाट्या वाहणाऱ्या आपल्या बाया-बापड्यांचं कुठं राहिलं?

बांधकाम सगळंच पक्कं नव्हतं बरं का. पन्नास-पन्नास फुटांच्या आठ कमानींचा एक पूल १८६७ च्या पावसाळ्यात ढासळला. चारच वर्षं टिकला!

आपल्या दिंडीच्या पहिल्या वारकऱ्यांनी एक गंमत पाहिलेली. खंडाळ्याजवळ गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलटी फिरून पुढं चढायची. १९२९ साली नवी लाईन झाली, ते बंद पडलं.

घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट या धनगरानं दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, असं म्हातारी माणसं सांगत. तिथं आपण वीणा खाली न ठेवता एक अभंग म्हणतो.

वरचा अमृतांजन पूल रेल्वेचा नव्हे, जुन्या रस्त्याचा. पण कमानी तशाच. त्याच्या सावलीला आपण भाकरी सोडायचो. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनात, तो सुरुंग लावून पाडला. त्या कार्तिकीला वारी निघाली नाही. पुन्हा निघालो तेव्हा भाकरी उन्हात खाल्ली.