तेवीस मिनिटांत ८८३ साइट पुसल्या गेल्या

मार्चअखेर झाली की देवणीतल्या आडतीवर, कृषी सेवा केंद्रात, पतसंस्थेत जुन्या नोंदी काढायचं काम निघतं. संगणकावरची यादी लांबलेली असते, बंद पडलेली खाती नकोशी झालेली असतात. हे काम घाईत उरकणाऱ्या प्रत्येकानं मंगळवार, ५ एप्रिल २०२२ चा घटनाक्रम एकदा वाचावा. ॲटलासियन ही ऑस्ट्रेलियातली सॉफ्टवेअर कंपनी. जगभरच्या कंपन्या आपली कामं आणि तक्रारी तिच्या 'जिरा'वर नोंदवतात. तिचे ग्राहक दोन लाखांहून जास्त. पुढच्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत.

त्याआधी
'इनसाइट' हे वेगळं ॲप कंपनीनं आपल्या मुख्य उत्पादनात सामावून घेतलं होतं. ग्राहकांकडं उरलेलं जुनं ॲप काढायचं ठरलं. एका गटानं क्रमांकांची यादी द्यायची, दुसऱ्यानं स्क्रिप्ट, म्हणजे ते काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, चालवायची. आधी ३० साइटवर करून पाहिलं, ते नीट पार पडलं. मात्र त्या चाचणीतले क्रमांक ॲपचे होते. पुढच्या यादीत आले ते ग्राहकांच्या अख्ख्या साइटचे. दावणीतली एक गाय सोडायची, तर तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर द्यावा लागतो. इथं गोठ्याचाच नंबर दिला गेला.

दुपारी १.०८
स्क्रिप्ट सुरू झाली. यंत्रणा दोन्ही प्रकारचे क्रमांक घेत होती आणि दिलेला क्रमांक बरोबरच आहे असं धरून चालत होती. पुसण्याच्याही दोन रीती होत्या. एकीत नोंदीवर फक्त खूण होते आणि ती परत आणता येते. दुसरीत ती कायमची जाते. स्क्रिप्ट दुसऱ्या रीतीनं चालली.

१.१६
पहिल्या ग्राहकाची तक्रार आली. पुसणं चालूच होतं.

१.३१
स्क्रिप्ट संपली. ७७५ ग्राहकांच्या ८८३ साइट गेल्या. कंपनीच्या देखरेख यंत्रणेनं इशारा दिला नाही, कारण पुसण्याचं काम नेहमीच्या, मान्य मार्गानंच झालं होतं.

१.४७
मोठ्या दुर्घटनेसाठीची व्यवस्था जागी झाली. १.५४ ला प्रकरण गंभीर ठरलं.

२.२३
तक्रारी आणि स्क्रिप्ट यांचा संबंध पक्का झाला.

संध्याकाळी ६.०८
परत आणणं किती अवघड आहे हे कळल्यावर सर्वांत वरच्या दर्जाची आणीबाणी जाहीर झाली. बॅकअप होता. पण तो सरसकट परत चढवला असता, तर ज्यांचं काही बिघडलं नव्हतं त्यांचं ताजं कामही मागं गेलं असतं. निवडक शेकडो ग्राहकांना एकदम परत आणण्याची तयार सोय नव्हती.

पुढचे दिवस
साइटसोबत त्या ग्राहकांचे संपर्कही पुसले गेले होते. त्यामुळं कंपनीला अनेकांना कळवता येईना. ग्राहकांना नेहमीच्या मार्गानं तक्रार नोंदवता येईना, कारण तिथं साइटचा पत्ता लागायचा आणि तोच उरला नव्हता. पहिल्या पद्धतीत एका तुकडीला सुमारे ७० पायऱ्या आणि ४८ तास लागत. त्या मार्गानं ११२ साइट परत आल्या. मग ३० पायऱ्यांची, सुमारे १२ तासांची पद्धत बसवली आणि उरलेल्या ७७१ साइट त्या मार्गानं आणल्या. पहिले ग्राहक ८ एप्रिलला सावरले, शेवटचे १८ एप्रिलला. बहुतेकांची माहिती पुसण्याच्या पाच मिनिटं आधीपर्यंतची मिळाली.

एका माणसाचं बोट चुकलं म्हणून हे घडलं नाही. यादी तपासायला कुणी थांबलं नाही, यंत्रणेनं विचारलं नाही आणि कायमचं पुसण्याआधी मधली पायरी ठेवली नव्हती.

देवणीच्या दुकानात आठशे खाती असोत वा आठ हजार, नियम तोच. चाचणी ज्या यादीवर केली, तीच यादी पुढं चालवा. पुसायची नोंद आधी बाजूला काढा, महिनाभर ठेवा, मगच कायमची घालवा. बॅकअप घेऊन थांबू नका, त्यातून एक खातं परत आणून बघा. आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर त्या संगणकाबाहेर, वहीत लिहून ठेवा. पुढची जुनी नोंद पुसण्याआधी एवढं कराच.